पाचशे टनांचं बजेट आणि चारशे टनांचा महिना

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) अकाउंट्स बघणारा तरुण विचारतोय: "आमच्या मेल्टिंग विभागाचं महिन्याचं बजेट ५०० टन चांगल्या कास्टिंगसाठी ७४ लाख ९० हजारांचं आहे. गेल्या महिन्यात माल ४०० टनच निघाला आणि खर्च ६८ लाख ७ हजार ८०० झाला. मालक खूश, विभागप्रमुखाचं कौतुक झालं. त्याच्या आदल्या महिन्यात ५६० टन काढले होते, खर्च ८० लाख ४० हजारांवर गेला, तेव्हा त्याच माणसाला मीटिंगमध्ये बोलणी बसली. मला हे उलटं वाटतंय. स्टॅटिक (ठरलेल्या उत्पादनावर बांधलेलं) आणि फ्लेक्सिबल (निघालेल्या मालाप्रमाणे वाकणारं) बजेट परीक्षेपुरतं शिकलोय, पण इथे नक्की कोणतं लावायचं?"

तुम्हाला उलटं वाटतंय ते बरोबरच आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल इथल्या कारखान्यांची कॉस्टिंगची कामं करत मला ३० वर्षं होत आली. हा प्रसंग वेगवेगळ्या शेडमध्ये, वेगवेगळ्या आकड्यांनी मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. कौतुक चुकीच्या महिन्यात होतं आणि बोलणीही चुकीच्या महिन्यात बसतात. म्हणून तुमचेच आकडे घेऊन सविस्तर सांगतो. तुम्ही पाठवलेल्या शीटमधले दर मी तसेच ठेवलेत. आणि नुसतं "फ्लेक्सिबल लावा" म्हणून मी थांबणार नाही, कारण चुकीच्या मापावर वाकवलेलं फ्लेक्सिबल बजेट स्टॅटिकपेक्षा जास्त फसवतं. स्टॅटिक निदान उघडपणे चुकतं.

आधी तुमचं बजेट उकलू. धातूचा चार्ज, म्हणजे पिग आयर्न, स्क्रॅप आणि रिटर्न्स (परत वितळायला आलेला आपलाच धातू), तुम्ही वेगळ्या शीटवर ठेवलाय. ते चांगलं केलंय, त्याला इथे हात लावत नाही. उरला तो वितळवण्याचा खर्च. तुमच्या प्लॅनमध्ये १ टन चांगल्या कास्टिंगसाठी १.६ टन धातू वितळवावा लागतो, बाकीचा रनर-रायझर (साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटा आणि साठे), रिजेक्शन आणि सांडलवंड यात जातो. वितळवलेल्या टनाला ६०० युनिट धरलेत, म्हणजे चांगल्या टनाला ९६० युनिट, ८ रुपये दराने ७,६८० रुपये. लायनिंगचं, म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तराचं, रॅमिंग मास, फेरो अलॉय आणि किरकोळ कन्झ्युमेबल्स १,५०० रुपये. ठेकेदाराची टनावरची मजुरी १,२०० रुपये. टनागणिक बदलणारा खर्च झाला १०,३८० रुपये. त्यावर महिन्याचे ठरलेले २३ लाख: महावितरणचा डिमांड चार्ज ९ लाख, कायम कामगार आणि स्टाफचा पगार ८ लाख, घसारा ४ लाख, विमा आणि देखभालीचे वार्षिक करार मिळून २ लाख. ५०० टनांना ५१ लाख ९० हजार अधिक २३ लाख, बेरीज ७४ लाख ९० हजार. इथपर्यंत सगळं जुळतं.

हे झालं स्टॅटिक बजेट. वर्षाच्या सुरुवातीला एक उत्पादन ठरवायचं, त्यावर खर्च बांधायचा, मग महिना कसाही जावो, तोच आकडा समोर ठेवायचा. फ्लेक्सिबल बजेटमध्ये महिना संपल्यावर प्रश्न बदलतो: प्रत्यक्षात जेवढा माल निघाला, तेवढ्याला आपल्याच दरांनी किती खर्च यायला हवा होता? ४०० टनांना १०,३८० रुपयांनी ४१ लाख ५२ हजार, त्यात २३ लाख, एकूण ६४ लाख ५२ हजार. खर्च झाला ६८ लाख ७ हजार ८००. म्हणजे मालकांना जी ६ लाख ८२ हजार २०० रुपयांची बचत दिसली, ती बचत नव्हती. १०० टन माल कमी निघाल्यामुळे १० लाख ३८ हजारांचा खर्च आपोआप टळायला हवा होता, त्यातले ३ लाख ५५ हजार ८०० विभागाने जास्त वापरले आणि उरलेला फरक बचत म्हणून मिरवला गेला.

५६० टनांच्या महिन्याला हेच लावा. ५६० गुणिले १०,३८० म्हणजे ५८ लाख १२ हजार ८००, अधिक २३ लाख, एकूण ८१ लाख १२ हजार ८००. खर्च झाला ८० लाख ४० हजार. ज्या माणसाला साडेपाच लाखांच्या जादा खर्चासाठी सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, त्याने या हिशेबाने ७२ हजार ८०० रुपये वाचवले होते. हे आकडेही अजून पक्के नाहीत, पुढे मी तेही थोडे हलवणार आहे. पण दिशा कळली असेल.

आता एक चूक, जी हुशार माणसंही करतात. ७४ लाख ९० हजारांना ५०० ने भागायचं, टनाला १४,९८० रुपये काढायचे आणि ४०० ने गुणून ५९ लाख ९२ हजार हे "फ्लेक्सिबल बजेट" म्हणायचं. हे फ्लेक्सिबल नाही, ही नुसती त्रैराशिकाची गणितं आहेत. यात डिमांड चार्ज, पगार आणि घसाराही टनाबरोबर कमी होतात असं गृहीत धरलं जातं. घसाऱ्याला माल किती निघाला ते कळत नाही. असं केलंत तर विभाग ८ लाख १५ हजार ८०० रुपयांनी जास्त दिसेल, आणि त्यातले ४ लाख ६० हजार, म्हणजे २३ लाखांचे २० टक्के, विभागप्रमुखाच्या हातात कधीच नव्हते. ते पैसे मशिनरी रिकामी राहिल्याचे आहेत. लेखा मानक २ सुद्धा मालसाठ्याचं मूल्य काढताना ठरीव उत्पादन खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायला सांगतं; उत्पादन घटलं म्हणून उरलेल्या प्रत्येक नगावर जादा बोजा टाकू देत नाही. जो नियम ताळेबंदाला लागतो तोच विचार विभागप्रमुखाच्या बाबतीतही करावा एवढंच.

इथवरचं कोणत्याही क्लासमध्ये शिकवतात. फाउंड्रीत खरा प्रश्न पुढे आहे: बजेट वाकवायचं ते कशाच्या मापावर?

मला हे समजावून सांगायला आपल्याकडचं गुऱ्हाळ बरं वाटतं. गुऱ्हाळमालक हंगामात हिशेबाला बसला की पहिल्यांदा आदणं (रस उकळायच्या खेपा) किती झाली ते विचारतो, खर्च नंतर. गुळव्याची आणि माणसांची मजुरी, भेंडीचा रस, चुना, सगळं आदणाबरोबर वाढतं. गुऱ्हाळघराचं भाडं आणि इंजिनाची दुरुस्ती आदणं कमी झाली तरी द्यावीच लागते. पण समजा मालकाने खर्च उसाच्या टनावर मोजला. टनाला १०० ते ११० किलो गूळ पडायला हवा तिथे ९० किलोच पडला, तरी उसाच्या टनावरचा खर्च एकदम झकास दिसेल. ऊस गाळला, खर्च झाला, हिशेब जुळला. गूळ कुठे गेला हे त्या हिशेबात येतच नाही. म्हणून जाणता मालक ढेपा मोजतो.

आपल्या फाउंड्रीत ऊस म्हणजे वितळवलेला धातू आणि ढेप म्हणजे तपासून पास झालेलं कास्टिंग. बहुतेक शेडमध्ये मेल्टिंगचं बजेट वितळवलेल्या टनावर वाकवतात, कारण तो आकडा हीट लॉगशीटवर (भट्टीच्या प्रत्येक खेपेच्या, म्हणजे हीटच्या, नोंदीत) आयता मिळतो. तुमच्याकडेही मी पाहिलं, शेवटच्या रकान्यात "मेल्ट ६८०" लिहिलंय. ४०० टन चांगल्या मालाला प्लॅनप्रमाणे ६४० टन वितळायला हवे होते. वितळले ६८०, म्हणजे चांगल्या टनाला १.७. वीज वापरली ४ लाख २१ हजार ६०० युनिट, वितळवलेल्या टनाला ६२०, रक्कम ३३ लाख ७२ हजार ८००.

वितळवलेल्या टनावर बजेट काढलंत तर ६८० गुणिले ६०० गुणिले ८, म्हणजे ३२ लाख ६४ हजार. विजेतली चूक दिसते १ लाख ८ हजार ८००. चांगल्या टनावर काढलंत तर ३० लाख ७२ हजार, आणि चूक ३ लाख ८०० ची. मधले १ लाख ९२ हजार कुठे गेले? ते त्या ४० टनांत गेले, जे वितळले, ओतले, आणि कास्टिंग न होता पुन्हा भट्टीत आले. वितळवलेल्या टनावरचं बजेट ते ४० टन माफ करतं. जितकं रिजेक्शन जास्त, तितकं बजेट मोठं होत जातं! कन्झ्युमेबल्सचंही तसंच: चांगल्या टनावर ४५ हजार जास्त, वितळवलेल्या टनावर फक्त साडेसात हजार जास्त. फ्लेक्सिबल बजेट लावूनही रिजेक्शन कमी का होत नाही, असं मालक विचारतात तेव्हा मी आधी हे माप तपासतो.

म्हणून माझं म्हणणं असं की बजेट वाकवावं ते निघालेल्या चांगल्या मालावर, आणि त्या मालाला प्लॅनप्रमाणे किती धातू, किती युनिट, किती तास लागायला हवे होते ते त्यावरून काढावं. विभागाने प्रत्यक्षात काय वापरलं त्यावर बजेट वाकवलं तर जे तपासायचं आहे तेच माप होऊन बसतं.

आता दुसरी बाजू, आणि इथे मी स्वतः एका माणसावर अन्याय केला होता. नोकरीची सुरुवातीची वर्षं. एका फाउंड्रीत मी नुकताच फ्लेक्सिबल बजेटचा रिपोर्ट सुरू केला होता. कमी उत्पादनाच्या महिन्यात टनामागे युनिट वाढलेले दिसले, तसं मी लिहून टाकलं: भट्टीवर विजेची नासाडी. त्या महिन्याचा भट्टीवरच्या दोघांचा इन्सेंटिव्ह कापला गेला. त्यातले वयाने मोठे होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "सायेब, मीटर काय टनाला वळखतंय व्हय? नवीन लायनिंग मारल्यावर सिंटरिंगला भट्टी तापवत बसावं लागतंय, त्यातनं माल किती निघतोय? पंप, कूलिंग टॉवर, कॉम्प्रेसर, माल असू दे नायतर नसू दे, चालूच. आन् मोल्डिंगचं बॉक्स तयार न्हाईत म्हणून मेटल धरून बसायचं आमी, त्येचं युनिट पण आमच्याच नावावर?"

त्यांच्याबरोबर मी आठवडाभर लॉगशीट चाळली आणि माझी चूक कळली. मी वीज पूर्णपणे टनाबरोबर बदलणारी धरली होती. इंडक्शन भट्टीची वीज तशी नसते. तिचा एक भाग महिना सुरू झाला की लागतोच आणि उरलेला टनाबरोबर वाढतो. पुढच्या महिन्यात दोघांचा इन्सेंटिव्ह परत दिला. पण मीटिंगमध्ये ऐकून घेतलेलं परत देता येत नाही.

तुमच्या १२ महिन्यांच्या आकड्यांवर हेच करून पाहिलं. जास्त उत्पादनाच्या महिन्यात ८०० टन मेल्टला ४ लाख ८० हजार युनिट, कमी उत्पादनाच्या महिन्यात ६०० टन मेल्टला ३ लाख ८० हजार. २०० टनांच्या फरकाला १ लाख युनिट, म्हणजे टनाला ५००. आणि ८०० टनांच्या ४ लाख ८० हजारांतून ४ लाख वजा केले की उरतात ८० हजार युनिट, जे माल निघो न निघो लागतात. ८०० टनांना हे सूत्र तुमच्या ६०० युनिटांशीच जुळतं, त्यामुळे मूळ प्लॅन बदलत नाही. बदलतो तो कमी-जास्त उत्पादनाच्या महिन्याचा निवाडा.

४०० टन चांगल्या मालाला ६४० टन मेल्ट, त्याला ८० हजार अधिक ३ लाख २० हजार, म्हणजे ४ लाख युनिट, ३२ लाख रुपये. आधी आपण ३० लाख ७२ हजार धरले होते. त्यामुळे विभागाचं फ्लेक्सिबल बजेट ६४ लाख ५२ हजारांवरून ६५ लाख ८० हजारांवर जातं आणि जादा खर्च ३ लाख ५५ हजार ८०० ऐवजी २ लाख २७ हजार ८०० उरतो. त्याची फोड बघा. ४० टन जास्त वितळवले त्याची वीज १ लाख ६० हजार. कन्झ्युमेबल्स ४५ हजार. ठरीव खर्चात एक दुरुस्ती, १० हजार. आणि भट्टी चालवण्यातली खरी ढिलाई? ६८० टनांना ४ लाख २० हजार युनिट लागायला हवेत, लागले ४ लाख २१ हजार ६००. फरक १,६०० युनिटांचा, १२ हजार ८०० रुपये. टनाला ६२० युनिट बघून ज्यांच्याकडे बोट गेलं असतं, ते भट्टीवाले जवळजवळ निर्दोष आहेत. पैसा रिजेक्शनमध्ये गेलाय.

५६० टनांच्या महिन्यातही फरक पडतो. ८९६ टन मेल्टला आता ५ लाख २८ हजार युनिट पुरायला हवेत, आधी आपण ५ लाख ३७ हजार ६०० धरले होते. बजेट ८० लाख ३६ हजारांवर येतं. खर्च ८० लाख ४० हजार. म्हणजे ७२ हजार ८०० ची शाबासकीही आता देता येत नाही, महिना जवळपास बजेटबरहुकूम गेला. पण साडेपाच लाखांच्या उधळपट्टीचा ठपका तर मुळीच नाही.

दोन टोकांचे महिने घेऊन असं सूत्र काढायला सोपं असतं, पण महिने निवडताना सांभाळा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, ट्रक दोन्हीकडे अडकले, माल जाईना आणि स्क्रॅप येईना. असा महिना "कमी उत्पादनाचं टोक" म्हणून घेतलात तर भट्टी थंड पडून पुन्हा पेटवण्याचे युनिट सूत्रात शिरतात आणि सगळं वर्ष वाकडं होतं. मी १२ महिन्यांचे बिंदू आलेखाच्या कागदावर मांडतो, मेल्ट आडवं, युनिट उभे. पूर, संप, मोठा ब्रेकडाउन अशा महिन्यांना वेगळी खूण करतो आणि उरलेल्यांतून रेघ ओढतो. एक्सेलमध्येही होतं, पण कागदावर कोणता बिंदू रांग सोडून बसलाय ते डोळ्याला लगेच दिसतं, आणि त्या बिंदूमागची गोष्ट शॉपमध्ये जाऊन विचारता येते.

डिमांड चार्जबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण विजेचं बिल एकच असल्यामुळे तो युनिटांबरोबर मिसळला जातो. तो युनिटांवर नसतो, केव्हीएवर, म्हणजे एका वेळी किती वीज ओढली त्या मापावर असतो. महिन्यात मागणीने जे शिखर गाठलं ते, आधीच्या महिन्यांतल्या शिखराचा ठरलेला हिस्सा आणि करारातल्या मागणीचा ठरलेला हिस्सा, यांतलं जे मोठं त्यावर आकारणी होते. उत्पादन घटलं म्हणून तो टनांच्या प्रमाणात घटत नाही. दुसरीकडे, एखाद्या दिवशी दोन्ही भट्ट्या एकाच वेळी पूर्ण पॉवरवर घेतल्या तर थोड्या वेळाच्या त्या घाईचे पैसे महिनाभराच्या बिलात भरावे लागतात. म्हणून बजेटमध्ये तो ठरीव धरा, पण शिखर कोणत्या दिवशी कोणत्या शिफ्टला गाठलं याची नोंद वेगळी ठेवा. युनिटचा दर मात्र विभागाच्या माथी मारू नका. दर वीज नियामक आयोग ठरवतो. विभागाच्या रिपोर्टमध्ये वर्षभर बजेटचाच दर, आपले ८ रुपये, ठेवा आणि दरातला फरक एका वेगळ्या ओळीत मालकांसमोर मांडा.

ठरीव खर्चही एका पल्ल्यापुरताच ठरीव असतो. तुमच्याकडे मला तो पल्ला साधारण ३५० ते ६०० टनांचा वाटतो. त्यापुढे तिसरी शिफ्ट, आणखी एक सुपरवायझर, कदाचित वाढीव करारमागणी. तिथे खर्च रेघेसारखा न चढता पायरीसारखा चढतो. ६५० टनांच्या महिन्याला १०,३८० ने गुणत बसू नका, त्याचं बजेट नव्याने बांधा. खाली ३५० च्या आत गेलात तर ठेकेदाराची टनावरची मजुरीही टनावर राहत नाही, कारण माणसं टिकवायला त्याला किमान हजेरी द्यावी लागते. कोणता खर्च बदलता आणि कोणता ठरीव, यावर विभागप्रमुख हमखास वाद घालतात आणि कमी उत्पादनात आपले सगळे खर्च ठरीव आहेत असं पटवायला बघतात. मी एकच विचारतो: उद्यापासून माल शून्य झाला तर हा खर्च कोणत्या तारखेला थांबेल? तारीख सांगता आली की खर्चाची जात कळते.

आता मालकांच्या बाजूचं. फ्लेक्सिबल बजेटने ४०० टनांपुरता न्याय केला, पण १०० टन कमी का निघाले हा प्रश्न त्याने गिळून टाकला. हा त्याचा मोठा दोष आहे आणि पाठ्यपुस्तकी उत्तरांत तो नेहमी निसटतो. ट्रॅक्टरवाल्या ग्राहकाने शेड्यूल कापलं असेल तर ते विभागाचं पाप नाही. पण लायनिंग वेळेआधी गळून भट्टी सहा दिवस बंद राहिली असेल, तर घटलेलं उत्पादन हाच विभागाचा सर्वांत मोठा तोटा आहे, आणि फ्लेक्सिबल बजेट त्याला "४०० टनांना एवढाच खर्च चालायचा" म्हणून क्लीन चिट देईल. म्हणून स्टॅटिकचा रकाना फेकायचा नाही. ५०० आणि ४०० मधल्या दरीवर कारण लिहायचं: ग्राहक किती टन, बिघाड किती टन, मोल्डिंग मागे पडलं किती टन. मालकांनी ५०० टन विकायचं ठरवून बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा घेतलेली असते, स्क्रॅपवाल्याला शब्द दिलेला असतो. तो प्लॅन चुकला की नाही हे फक्त स्टॅटिकच सांगतं.

काही विभागांना तर मी स्टॅटिकच ठेवतो. लॅब, सुरक्षा, स्टोअर, नवीन पॅटर्नचं डेव्हलपमेंट. तिथला खर्च टनाने हलत नाही, मंजुरीने हलतो. लॅबचा खर्च टनावर वाकवून कमी उत्पादनात स्पेक्ट्रोमीटरचं कॅलिब्रेशन पुढे ढकलायला लावलं, तर पुढच्या महिन्यात ग्राहक आख्खी लॉट परत पाठवेल.

बाकी विभागांची मापं पटकन सांगतो. मोल्डिंगला टन चालत नाही, बॉक्स (साच्याच्या पेट्या) चालतात. कोअर शॉपला कोअरचं (पोकळ भागासाठी साच्यात ठेवायच्या वाळूच्या गाभ्याचं) वजन. फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करण्याला) ग्राइंडिंगचे प्रमाणित तास, कारण ४ किलोच्या पातळ कव्हरला किलोमागे जितकं घासावं लागतं तितकं ८० किलोच्या ब्रॅकेटला लागत नाही. मशीन शॉप असेल तर मशीन-तास, आणि तेही चांगल्या नगांना लागायला हवे होते तेवढे. सेटिंगला आणि इन्सर्ट मोडल्यावर गेलेले धरायचे नाहीत. अख्ख्या कारखान्याला एकच माप लावलं की हलका माल असलेल्या महिन्यात सगळे विभाग गुन्हेगार दिसतात आणि जड मालाच्या महिन्यात सगळे हिरो. तुमच्या ४०० टनांत पातळ भिंतींचा माल किती होता ते नक्की बघा. त्याचा यील्ड (वितळवलेल्या धातूतून निघणारा चांगला माल) मुळातच कमी असतो, आणि जादा ४० टनांपैकी काही टन रिजेक्शनचे नसून मालाच्या मिश्रणाचे निघू शकतात. पार्टनिहाय प्रमाणित यील्ड घेऊन ६४० चा आकडा पुन्हा काढा, मगच कुणाला जाब विचारा.

रिजेक्शनच्या १ लाख ६० हजारांवरही मेल्टिंगचं एकट्याचं नाव लिहू नका. दोषाप्रमाणे फोड करा. कोल्ड शट (साच्यात धातू नीट एकजीव न झालेला) असेल तर ओतण्याचं तापमान किंवा लॅडलला (ओतायच्या पात्राला) झालेला उशीर, ते बहुधा मेल्टिंगकडे. वाळू धरलेली असेल तर मोल्डिंगकडे. ब्लो होल (वायूमुळे पडलेलं भोक) असेल तर वाळूतला ओलावा किंवा कोअर बघा. मशीनिंगनंतर उघडे पडणारे दोष तीन-तीन आठवड्यांनी कळतात, म्हणून ४०० मधले काही टन अजून "चांगले" ठरायचे आहेत. हीट नंबरवरून ते ज्या महिन्यात ओतले त्याच महिन्याला परत लावा. नाहीतर एका महिन्याची चूक दुसऱ्या महिन्याच्या शिफ्टला फेडावी लागते.

पुढच्या महिन्यापासून शीट अशी करा. पहिला रकाना मूळ ५०० टनांचा. दुसरा, निघालेल्या चांगल्या टनांना लागायला हवा होता तो खर्च, विजेला ८० हजार युनिट अधिक टनाला ५०० हे सूत्र लावून. तिसरा प्रत्यक्ष. पहिल्या-दुसऱ्यातल्या फरकासमोर टन का घटले त्याची कारणं, आणि दुसऱ्या-तिसऱ्यातल्या फरकासमोर जबाबदार माणसाचं पद. रुपयांच्या वर एक ओळ युनिटांची आणि टनांची ठेवा, कारण शॉपमध्ये रुपयांवर वाद होतात, युनिटांवर कामाचं बोलणं होतं. भट्टीला स्वतंत्र सबमीटर नसेल तर आधी तो बसवून घ्या, आणि मेटल धरून ठेवलेली मिनिटं कारणासह लॉगशीटवर लिहायला सुरुवात करा. म्हणजे मोल्डिंगसाठी ताटकळलेले युनिट मोल्डिंगच्या नावावर जातील. शीट महिन्याच्या ५ तारखेपर्यंत तयार व्हायला हवी, १५ तारखेला कुणाला काही आठवत नसतं.

आणि मालकांकडे नेण्याआधी ती मेल्टिंगच्या शिफ्ट सुपरवायझरला आणि भट्टीवरच्या जुन्या माणसाला दाखवा. गेल्या महिन्याची लॉगशीट सोबत घेऊन बसा. ते ४० टन कोणत्या आठवड्यात वाढले, हे त्यांना तुमच्याआधी माहीत असेल. ५६० टनांच्या महिन्याचा सुधारलेला आकडाही त्याच मीटिंगमध्ये, त्याच सगळ्यांसमोर ठेवा, जिथे विभागप्रमुखाला बोलणी बसली होती.